धुळा मिस्त्रीची सासू, सून आणि नात

दारात कुणाची नवी मोटार उभी राहिली की लोक तिच्याभोवती फिरतात, बॉनेटवर हात फिरवतात. मी आधी बोटातली अंगठी काढून खिशात टाकतो आणि हात मागे बांधून लांब उभा राहतो. नातवंडं हसतात. आजोबांना मोटारीची भीती वाटते असं त्यांना वाटतं. तशी ती वाटतेच. पण अंगठी काढायची सवय मला धुळा मिस्त्रीने लावली, आणि भीतीसुद्धा त्याच्याच शेडमधून माझ्याबरोबर आली आहे.

भोर तेव्हा संस्थान होतं. बाजारपेठेच्या टोकाला माझी पिठाची गिरणी होती, ऑइल इंजिनावर चालणारी. इंजिन चालू असलं की आवाजाबद्दल शेजारी शिव्या घालत आणि बंद पडलं की दळणासाठी बायका शिव्या घालत. त्या इंजिनाचा आवाज ऐकतच एक दिवस धुळा मिस्त्री आला. शेजारची पत्र्याची शेड त्याने भाड्याने घेतली होती. रामराम नाही, विचारपूस नाही. माझ्या भिंतीवर थाप मारून म्हणाला, "हितं भोक पाडू या. तुमच्या इंजिनाचा पट्टा माझ्याकडं येऊ द्या. तुमचं दळण चाललंय तवर माझं मशीन फिरंल."

माझ्या भिंतीला भोक पडलं आणि मी ते पडू दिलं, यावरून माणूस कसा होता ते समजावं.

शिवऱ्याच्या वरच्या माळावरचा हा धनगर. तरुणपणी मेंढरं थोरल्या भावावर टाकून मुंबईला पळाला, मोटारी रंगवायच्या कारखान्यात राबला, आणि परत येताना पॉलिशचं मशीन घेऊन आला. मशीन म्हणजे पट्ट्यावर फिरणारी एक कप्पी, तिच्यातून निघालेला कातडी नळीतला लांब लवचिक दांडा, आणि त्याच्या टोकाला ताटलीएवढी लाकडी चकती. त्या दांड्याला तो अजगर म्हणे, आणि जमिनीवर वळवळताना तो दिसायचाही तसाच. चकतीवर गादी बांधायची, मोटारीच्या रंगाला दगडाच्या बारीक पुडीचा लेप लावायचा आणि फिरती गादी त्यावरून न्यायची. "मशीन निस्तं फिरतंय," तो म्हणे. "कंच्या जागी कंची गादी, ह्यात सारी अक्कल."

गाद्या तीन तऱ्हेच्या. लोकर कुटून कुटून दगडासारखी घट्ट केलेली, तिचं नाव सासू. ती ओरखडे काढायची, पण जरा जास्त वेळ टेकली तर रंगही खाऊन टाकायची. जुन्या घोंगडीचे धुवून मऊ झालेले पदर एकावर एक शिवून केलेली, ती सून. सासूने उठवलेले वळ ती पुसायची. आणि तिसरी नात. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, जिला धनगर जावळ म्हणतात, ती कापडावर दाट टाचून केलेली. चकाकी आणायची ती नातीने.

हा क्रम मोडलेला त्याला खपत नसे. उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीचा एक मालक एकदा घाईत आला. लग्नाचं वऱ्हाड न्यायचं होतं, गाडी ओरखड्यांनी भरलेली. त्याने कुठूनतरी ऐकलं होतं की मऊ गादीने गाडी चमकते. म्हणाला, "एकदम नातच फिरवा, मिस्त्री. सासू-सून राहू द्या."

धुळा मिस्त्रीने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "नवरीला आंघूळ न घालता पावडर लावायची व्हय? निस्ती घाण चमकंल."

"पण वेळ नाही हो."

"मंग तशीच न्या. वऱ्हाड आत बसतंय, टपावर न्हाई."

गाडी तशीच गेली. अशी कितीतरी गिऱ्हाइकं त्याने घालवली, आणि प्रत्येक वेळी भिंतीच्या भोकातून मला त्याचा हिशेब ऐकवला: कुणाच्या हातात कडं होतं, कुणाच्या कोटाला पितळी बटणं होती. रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून त्याच्या स्वतःच्या अंगावर धातूचा कण नसे. सदऱ्याला बटणांऐवजी बंद, कमरेला चांदीचा करगोटासुद्धा नाही. फिरत्या पट्ट्याजवळ मोकळं धोतर नको म्हणून ते गुडघ्यापर्यंत करकचून बांधलेलं. मोठा गर्विष्ठ माणूस. भोरमध्ये आपल्यासारखा हात कुणाचा नाही हे तो दिवसातून एकदा तरी सांगे, आणि ते खरं असल्यामुळे आमची जास्तच चिडचिड होई.

गादी जमिनीवर पडली की संपली. झटकून, धुवून पुन्हा वापरायची नाही, कारण वाळूचा एक कण लोकरीत राहिला तर सगळ्या बॉनेटवर गोल गोल ओरखडे उमटतात. अशा पडलेल्या गाद्या तो माझ्या बायकोला देऊन टाकायचा. आमच्या चुलीजवळ गरम भांडी उतरायला धुळा मिस्त्रीच्या नाती असत. बायको म्हणायची, "एवढ्या लाडाच्या नाती, आणि एकदा पडल्या की माझ्या घरी पोतेरं." पण त्याच्या शेडमध्ये ती कधी पाऊल टाकत नसे. एकदाच गेली होती. तिथे उभ्या असलेल्या काळ्या मोटारीत तिने स्वतःला बघितलं आणि लगेच बाहेर आली. "आत आपण बुडाल्यासारखे दिसतो," म्हणाली. मी हसलो होतो.

ती काळी मोटार रावसाहेबांची. वेल्ह्याच्या रानात आणि घाटाच्या अंगाला त्यांच्या कोळशाच्या भट्ट्या होत्या. लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेनासं झालं आणि मोटारी कोळशाच्या गॅसवर धावायला लागल्या, तसे रावसाहेब फुगत गेले. इतरांच्या गाड्या उभ्या राहिल्या, त्यांची तेवढी पळत राहिली. ड्रायव्हर शेजारी बसवून ते स्वतःच हाकत, तेही कसं, तर वळणावर हॉर्न देऊन, वेग कमी न करता. "ज्याला जीव प्यारा तो बाजूला होईल," असं ते हसत सांगत, आणि बसलेले लोकही हसत. कोंबड्या, कुत्री, एकदा एक वासरू. मला त्या हसण्याची शिसारी यायची, पण त्यांच्या घरचं दळण माझ्याकडे होतं, तेव्हा मीही दात दाखवायचो.

धुळा मिस्त्रीला माणूस आवडत नव्हता, पण ती मोटार म्हणजे त्याचा जीव. तिच्यावर त्याने काय मेहनत घेतली असेल ते मी भोकातून बघितलं आहे. पत्रा तापला का ते हाताच्या पाठीने सारखा बघायचा. कडेला गादी टेकू द्यायचा नाही, तिथे रंग पातळ असतो म्हणून. नात फिरवताना श्वासही बेताने घ्यायचा. शेवटी काळा रंग असा झाला की त्यात शेडचे पत्रे, खिळे, पाली, सगळं दिसावं. "आरसा केलाय, आरसा," तो म्हणायचा. "ही रस्त्यानं निघाली म्हंजी लोकांचं डोळं दिपलं पायजेत."

हे वाक्य त्याने किती वेळा म्हटलं, आणि आम्ही किती सहज ऐकलं!

थोरला भाऊ बिरा वर्षातून एकदा यायचा. दिवाळीत कातरणी उरकली की धनगर मेंढरं घेऊन घाटाने कोकणात उतरतात. त्या वाटेवर बिरा भोरला थांबे. बायको सखू मेंढरांपाशी नदीच्या बाजूला राही आणि हा पाठीवर जावळाचं गाठोडं घेऊन शेडमध्ये येई. अंगाला मेंढरांचा वास, तोंडभर हसू. मिस्त्री गाठोडं सोडायचा, लोकरीचा झुबका काढून डोळे मिटायचा आणि तो पापणीवर फिरवायचा. पापणीला टोचलं तर ती लोकर रंगाला टोचणार, हा त्याचा नियम. पुष्कळशी लोकर तो परत भावाच्या अंगावर फेकायचा.

"दादा, ही काय जावळ हाय? ही बोकडाची दाढी हाय."

"आरं धुळ्या, मेंढराचीच हाय बाबा. तुझं डोळं लई लाडावल्यात."

त्या शेवटच्या वर्षीची लोकर मात्र एकही झुबका परत न जाता पास झाली. त्या साली कोकरं निराळ्याच रंगाची निपजली होती, काळ्यात तांबूस झाक असलेली. मिस्त्री खूश होता. भावाचा हात धरून त्याने त्याला काळ्या मोटारीपुढे उभं केलं. बिरा वाकून बॉनेटमध्ये बघू लागला. त्यांच्या घरी आरसा नव्हता. मग त्याने पटका सारखा केला आणि हळूच म्हणाला, "धुळ्या, ह्यात तर आबा दिसतोय."

आबा म्हणजे त्यांचा मेलेला बाप. मिस्त्री मोठ्याने हसला. "तूच हाईस त्यो. म्हातारा झालास."

बिराही हसला, पण बॉनेटपासून मागे सरकला. त्याच दुपारी रावसाहेब मोटार घेऊन घाटाकडच्या भट्ट्यांवर गेले. दुसऱ्या पहाटे मेंढरंही त्याच रस्त्याला लागली.

त्यानंतर मोटार आली ती पुण्याहून. पुढचा डावा मडगार्ड ठोकून, रंगवून आणलेला. रंग काळाच होता, पण मुर्दाड. जुन्या आणि नव्या रंगाची शीव लांबूनही दिसत होती. रावसाहेब स्वतः आले होते. बरोबर त्यांचा ड्रायव्हर होता, एरवी बडबड्या, त्या दिवशी मान खाली.

"एक मेंढरू आडवं आलं," रावसाहेब म्हणाले. "तेवढ्यावरून गावकऱ्यांनी भलतंसलतं उठवलंय. बाजाराच्या दिवशी फौजदार गाडी बघणार आहेत. जुना रंग कुठला, नवा कुठला, ओळखू आला नाही पाहिजे."

"माझ्या हातनं गेल्यावं ब्रह्मदेवाला वळखायचा न्हाई," मिस्त्री म्हणाला. खरंच असं म्हणाला. मेंढरू म्हटल्यावर त्याच्या कपाळावर आठी आली होती, पण कामाचं कौतुक समोर उभं होतं आणि तो कामापुढे विरघळणारा माणूस होता.

सासू बांधून त्याने मडगार्डच्या मागच्या अंगापासून सुरुवात केली. मी जात्यात ज्वारी ओतत होतो. थोड्या वेळाने पट्ट्याचा सूर बदलला. काम करताना दांडा जड चालतो, नुसता फिरताना हलका, आणि कान सवयीने ते ओळखतो. मी भोकातून डोकावलो. मिस्त्री मडगार्डच्या आणि पायरीच्या सांध्याशी बसला होता. तिथे बोल्टाच्या मागे काहीतरी अडकलं होतं, पुण्याच्या रंगाऱ्याच्या नजरेतून सुटलेलं. त्याने ते चिमटीने ओढून काढलं. लोकरीचा झुबका होता, थोडा कडक झालेला. त्याने तो हातावर चोळून मोकळा केला, डोळे मिटले आणि पापणीवर फिरवला.

मग तो उठून भिंतीपाशी आला. ताज्या जावळाची नात तिथे खुंटीला होती. झुबका त्याने तिच्यावर ठेवला. काळ्यात तांबूस झाक दोन्हींना सारखीच होती.

"आमचीच हायेत," तो मला म्हणाला. आवाज अगदी साधा होता.

"मेंढरू गेलं असेल एखादं," मी म्हणालो.

त्याने गाडीपाशी थांबलेल्या ड्रायव्हरला विचारलं, "मेंढरामागं कोन व्हतं?" ड्रायव्हर म्हणाला, "मला ठावं न्हाई, मिस्त्री," आणि विडी ओढायला म्हणून बाहेर निघून गेला. मिस्त्रीने पुन्हा मशीन उचललं. काय करणार? माहीत काहीच नव्हतं. सासूचं काम संपवून त्याने सून फिरवली. शीव बुजत चालली. माझ्या डोळ्यांदेखत नवा रंग जुन्यात मिळून जात होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की या माणसाचा हात चुकावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो नात बांधत असताना सखू आली. एकटीच, कपाळ पुसलेलं. ते कपाळ बघितल्यावर विचारायचं काही उरलं नव्हतं. ती शेडच्या उंबऱ्यात बसली. मी इंजिनापासून उठून तिकडे गेलो. जात्याचा खडखडाट भोकातून येतच होता.

"वैनी," मिस्त्री म्हणाला, आणि तिच्यासमोर खाली बसला.

"सकाळच्या पारी," ती म्हणाली. "आमी घाटाकडं चाललेलो. सूर्य पाठीला. समोरनं मोटार आली. आवाज आल्ता, म्हून ह्यांनी मेंढरं कडंला घेतली. तवर मोटारीवरनं ऊन असं डोळ्यात आलं... आरसा धरल्यावानी. मेंढरं बिथारली, रस्त्यावं घुसली. हे त्यांच्या मागं पळालं, डोळ्यावं हात धरून. त्यांना मोटार दिसलीच न्हाई, भावजी. मलाबी न्हाई दिसली. निस्ता उजेड."

"थांबली का?"

"न्हाई. दुसऱ्या दिवशी गेले ते. पानी मागत व्हते."

मिस्त्रीच्या हातात नात होती. तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने ती सखूच्या ओटीत ठेवली. "ही दादाची लोकर," म्हणाला. "खाली पडू देऊ नगा."

सखूने तेव्हा मान वर केली. समोर काळी मोटार उभी होती, नुकत्याच सारख्या केलेल्या मडगार्डसकट. तिने ती ओळखली का, मला माहीत नाही. तिने पदर डोळ्यांवर ओढला.

मिस्त्रीने चकतीवर सासू बांधली. मी म्हणालो, "मिस्त्री, त्याला आता नात..."

"न्हाई. सासू."

तो मडगार्डला भिडला. ज्या ज्या गोष्टीवरून त्याने लोकांना हाकलून दिलं होतं ती प्रत्येक गोष्ट त्याने केली. अंगाचा भार टाकून गादी एका जागी दाबून धरली, कडांवर टेकवली, पत्रा तापू दिला. जळक्या रंगाचा वास माझ्या पिठापर्यंत आला. नवा रंग गेला, त्याखालची पुट्टी निघाली, आणि हातोडीने ठोकून सरळ केलेला पोचा उघडा पडला, ठोक्यांच्या सगळ्या खुणांसकट. मग तो बॉनेटकडे वळला. त्याचा आरसा होता तो. तिथे त्याने रंग काढला नाही, फक्त चकाकी घालवली, कडेपासून कडेपर्यंत, बॉनेट राखेने घासलेल्या तव्यासारखं निस्तेज होईपर्यंत. त्याचे दात घट्ट आवळलेले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी त्याला त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं, आणि मलाही रडू आवरेना.

ड्रायव्हर धावत जाऊन रावसाहेबांना घेऊन आला. ते शेडमध्ये शिरले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "इंजिन बंद कर."

मी भित्रा माणूस आहे. त्या क्षणी तोंडातून कसं निघालं मला अजून कळत नाही. म्हणालो, "दळण अर्धं जात्यात आहे, रावसाहेब. मधे बंद केलं तर जातं अडेल." आणि आणखी एक पायली ज्वारी ओतली.

तेवढ्या ज्वारीवर मिस्त्रीने राहिलेली बाजू संपवली. मग स्वतःच चकती उचलली आणि अजगर जमिनीवर सोडून दिला. रावसाहेब आता उंबऱ्याशी आले होते. आवाज न चढवता म्हणाले, "मिस्त्री, हे हात कुणी तोडले तर पॉलिश कशाने करशील?"

"आता करायचीच न्हाई," धुळा मिस्त्री म्हणाला. "फौजदाराला दाखवा मोटार. उन्हात दाखवा."

फौजदारांनी ती बघितली. उन्हातच बघितली, कारण तसल्या मडगार्डनिशी ती रस्त्यावर काढायला रावसाहेब धजले नव्हते, आणि बाजाराला आलेल्या धनगरांनी ती शेडमधून ढकलून बाहेर चौकात आणली होती. पंचनामा झाला. सखूने उन्हाचं सांगितलं, पण तिने हाकणारा बघितलाच नव्हता. "मोटार मी चालवत होतो," असं ड्रायव्हरने स्वतः सांगितलं आणि तो तुरुंगात गेला. कोण चालवत होतं हे सगळ्या भोरला ठाऊक होतं. रावसाहेबांनी ती मोटार कुठेतरी लांब विकली. नंतर ते माझ्या गिरणीसमोरून पायी जात आणि थांबून माझ्याकडे बघत. त्या बघण्याने माझी कितीतरी वर्षं खाल्ली.

मिस्त्री पंचनामा झाल्यावर सखूबरोबर मेंढरांकडे निघून गेला. काही दिवसांनी कुणीतरी शेड फोडली आणि अजगराचे तुकडे नीरेच्या पात्रात टाकले. ते बघायला तो तिथे नव्हता याचं मला बरं वाटलं. भिंतीचं भोक मी बुजवून घेतलं.

लढाई संपली, मोटारी पुन्हा वाढल्या, तेव्हाची गोष्ट. मी पुण्याहून सर्व्हिस मोटारीने येत होतो. शिवऱ्याच्या अलीकडे रस्त्यावर मेंढरं होती म्हणून गाडी थांबली. कडेला काठीवर रेललेला, घोंगडी घेतलेला, पांढऱ्या दाढीचा धनगर उभा होता. मी खिडकीतून ओरडलो, "मिस्त्री!"

त्याने मला ओळखलं. जवळ आला, पण माझ्याकडे बघण्याआधी आमच्या मोटारीच्या डाव्या मडगार्डपाशी वाकला आणि पत्र्यावर तळहात फिरवला, आतून-बाहेरून, डोळे मिटून. ड्रायव्हर खेकसला. मी खाली उतरलो.

"अजून शोधता?"

"रंग बदलला असंल," तो म्हणाला. "पत्र्याचं ठोकं जात न्हाईत. हाताला घावतील."

"सापडली तर काय करणार?"

त्याने काठीने शेवटची मेंढरं रस्त्यावरून कडेला घेतली. सखूचं विचारलं, तर म्हणाला बरी आहे. माझी गिरणी चालते का, बायको कशी आहे, त्याने विचारलं, आणि विचारता विचारताच तो माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत होता. पुण्याच्या बाजूने एक नवी मोटार येत होती, पॉलिश केलेली, दुपारच्या उन्हात लखलखणारी.

धुळा मिस्त्री माझं बोलणं अर्धवट टाकून वळला. मेंढरांच्या आणि रस्त्याच्या मधे जाऊन उभा राहिला, अंगावरची घोंगडी काढली आणि दोन्ही हातांनी उंच ताणून धरली, मेंढरांच्या डोळ्यांवर मोटारीवरचं ऊन पडू नये म्हणून. मोटार भर्रकन निघून गेली. आमची गाडी सुटली तरी त्याने घोंगडी खाली केली नव्हती.